हळू गं, बन्सीकाका झोपलेत

बीड बायपासवर माझ्या बहिणीचं बॅनर लागलं, त्या दिवशी मी त्याच्यासमोरून तीनदा स्कूटर नेली. पहिल्यांदा कामानं, पुढच्या दोनदा उगाच. तिसऱ्या वेळी तर मी गाडी थांबवून रसवंतीवाल्याला सांगितलं, "ती डावीकडची, गिटारवाली, ती माझी बहीण." तो म्हणाला, "बरं," आणि ग्लास पुढे केला. दुसऱ्याच्या आनंदात कसं सामील व्हावं, हे काही लोकांना शिकवलेलंच नसतं.

बॅनरवर मनस्विनी हे नाव कुठंच नव्हतं. तिच्या फोटोखाली जाड अक्षरांत नुसतं 'हळू' लिहिलं होतं. ते तिचं गाण्याचं नाव. चार वर्षांपूर्वी तिनं स्वतः लिहिलेलं पहिलं गाणं इंटरनेटवर टाकलं, तेव्हा खात्याला काय नाव द्यावं म्हणून ती विचार करत बसली होती. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "लहानपणापासून तुला सगळ्यात जास्त वेळा ज्या नावानं हाक मारली, ते दे." तिनं क्षणभर विचार केला आणि 'हळू' टाकलं. मला वाटलं होतं ती 'मनू' टाकेल.

पण बरोबरच होतं तिचं. आम्ही वाळूजच्या कारखान्यांलगत, बजाजनगरात राहतो. आमच्या गल्लीत दिवसाच्या कुठल्याही वेळी कोणी ना कोणी झोपलेलं असतं. कोणी फर्स्ट शिफ्ट करून आलेलं असतं, कोणाला थर्डला, म्हणजे रात्रपाळीला जायचं असतं. घरं भिंतीला भिंत लावून. आमच्या डाव्या भिंतीपलीकडच्या एका खोलीत बन्सीकाका एकटे राहतात. बायको-मुलं वैजापूरकडच्या गावी, हे इथं एका कारखान्यात कायमचे थर्ड शिफ्टला. सकाळी साडेआठला येणार, आंघोळ करून झोपणार, पावणेपाचला उठणार. मनू पाच वर्षांची असताना आम्ही या घरात आलो, आणि त्या दिवसापासून घरात एकच पालुपद: हळू गं, बन्सीकाका झोपलेत.

तरी ती गायचीच. आणि जरा सूर चढला की भिंतीवर दोनदा वाजायचं. टक, टक. आईचा चेहरा पडायचा. "बघ, उठवलंस ना त्यांना? रात्रभर मशीनवर उभा राहतो तो माणूस." मग संध्याकाळी आई शरमून वाटीभर शिरा पाठवायची. मनू आवाज खाली आणायची. पुन्हा टकटक झालं की अजून खाली. असं करत करत तिनं टकटक होणार नाही इतक्या आवाजात गायला शिकून घेतलं. कपाटात तोंड घालून, गोधडीखाली बसून, ओठ माइकला टेकवून.

मी करुणा. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. डिप्लोमाच्या अभ्यासाच्या दिवसांत तिला 'हळू' म्हणणाऱ्यांत माझा नंबर आईच्याही वर होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

गंमत अशी की तो गोधडीखालचा आवाज लोकांना आवडला. नुसता आवडला नाही, वेड लागलं. "कानाशी येऊन बोलल्यासारखं वाटतं," असं पुण्याची एक मुलगी लिहायची. नाशिकच्या कोणीतरी तिच्या 'शैली'वर मोठा लेख लिहिला, त्यात 'कुजबुजीचं सौंदर्यशास्त्र' असा शब्दप्रयोग होता. आम्ही दोघी तो वाचून गादीवर लोळलो. सौंदर्यशास्त्र कसलं डोंबलाचं, शेजारी थर्ड शिफ्टवाले! तिचं 'दोन किल्ल्या' हे गाणं तर सहा लाख लोकांनी ऐकलं. वेगवेगळ्या शिफ्टला जाणाऱ्या नवरा-बायकोचं गाणं आहे ते.

*एका कुलपाला दोन किल्ल्या,*
*एक तुझी, एक माझी;*
*गादीत ऊब तुझी उरते,*
*झोप तेवढी माझी.*

आणि मग जानेवारीत मेसेज आला. मुंबईचा एक मोठा बँड शहरात येतोय, त्यांच्या आधी वीस मिनिटं गाल का? मनूनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, हे खरं आहे का वाच." मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग आम्ही दोघींनी उड्या मारल्या, पण पायाखाली उशी घेऊन, कारण सकाळचे अकरा वाजले होते.

---

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला, बीड बायपासवरच्या एका लग्नाच्या लॉनवर. तीन वाजता साउंड चेक. मनू, मी आणि साकिब. साकिब तिच्या कॉलेजातला, रोशन गेटचा. तिच्या गाण्यांचं मिक्सिंग तोच करतो, आणि स्टेजवर कीबोर्ड व लॅपटॉप सांभाळतो. सकाळपासून त्यानं तीन शर्ट बदलले होते.

मनू माइकसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि 'दोन किल्ल्या' सुरू केलं. मी समोर दहाव्या रांगेत होते. मला गिटार ऐकू आली, कीबोर्ड ऐकू आला, बायपासवरचा ट्रक ऐकू आला. माझी बहीण ऐकू आली नाही.

साकिबनं काहीतरी फिरवलं. थोडं ऐकू आलं. अजून फिरवलं, आणि दोन्ही स्पीकर असे किंचाळले की खुर्च्या मांडणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

"दीदी, अब और बढाया ना, तो स्पीकर गाएगा, ये नै," साकिब म्हणाला. "मनू, यार, जोर से गा ना थोडा."

"गातेय," ती म्हणाली. ती खरंच गात होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

आयोजक आकाश वीस मिनिटं हे बघत होता. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. तो माझ्याजवळ आला. "मॅडम, ताईंचं गाणं मला स्वतःला आवडतं. पण मोकळ्यावर दोन हजार लोक बसणार. कानाशी बोलायला मी दोन हजार कान जवळ कसे आणू? रेकॉर्डिंग आहे ना? ते लावू. ताईंनी फक्त ओठ हलवायचे. कोणाला कळत नाही."

"हार्ड डिस्क घरी आहे," मनू म्हणाली. "घेऊन येते. चालेल."

"चालेल काय चालेल!" मी तिला दंडाला धरून लॉनच्या मागं नेलं, जिथं जनरेटरची गाडी उभी होती. "आपल्या गावात, पहिल्यांदा स्टेजवर, आणि ओठ हलवणार? आज हलवलेस ना, तर पुढच्या प्रत्येक वेळी हलवशील. ओरड. इथं कोणी नाही. ओरड बघू."

तिनं तोंड उघडलं. "आ," असा आवाज आला, डॉक्टरला घसा दाखवताना येतो तेवढा. आणि मी बघितलं, ओरडताना तिची नजर डावीकडं गेली. डावीकडं भिंत नव्हती. डावीकडं मोकळं रान होतं आणि एक म्हैस.

"ताई, मला मोठा आवाज नाहीच आहे," ती म्हणाली. "असता तर इतक्या वर्षांत एकदा तरी निघाला असता ना? लोकांना वाटतं मी मुद्दाम तशी गाते. आज सगळ्यांना कळेल."

तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला होता, आकाशचा आला होता, त्या म्हशीचाही आला होता. मी स्कूटरला किक मारली, बटण असताना.

---

लिंक रोडनं घरी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. मनू आत जाऊन हार्ड डिस्क शोधायला लागली. आई नवी साडी नेसून तयार बसली होती, तिला काय सांगावं कळेना. तेवढ्यात पलीकडं नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बन्सीकाका उठले होते.

माझ्या डोक्यात एकच विचार होता. निघायला अजून पाऊण तास आहे. तिला इथं, याच खोलीत, एकदा मोकळ्या गळ्यानं गाऊ दे. बाहेर जमत नाही, निदान त्या भिंतीसमोर जमेल. मी तडक जाऊन काकांचं दार वाजवलं. अठरा वर्षांत मी त्या दारात वाटी घेऊनच उभी राहिले होते, रिकाम्या हातानं पहिल्यांदा.

काका बनियनवर होते, त्यांनी घाईनं टॉवेल खांद्यावर घेतला.

"काका, एक विनंती आहे. आज मनूचा मोठा कार्यक्रम आहे. तिला दहा मिनिटं मोठ्यानं गाऊन बघायचंय. तेवढी दहा मिनिटं भिंतीवर ठोकू नका. हात जोडते."

काकांनी विचारलं, "ठोकू नको?"

"नका ठोकू."

"मंग तिला कळंल कसं?"

"काय कळेल?"

"ऐकू येईना म्हणून." ते अगदी साधेपणानं म्हणाले. "म्या कामून ठोकतो, पोरी? गाणं लई रंगात येतं अन् ही एकदम आवाज बारीक करती. मंग म्या ठोकतो, वाढव म्हणून. तर ती अजून बारीक करती. म्या म्हनायचो, लाजाळू हाय."

अठरा वर्षं ही चूक मला सापडली नव्हती. क्वालिटीत आठ वर्षं काढलेली बाई मी.

"तुमची झोपमोड होते म्हणून तुम्ही ठोकायचात ना?"

"झोपमोड?" काका हसायला लागले. "आगं, रातभर प्रेसचा धडाधडा आवाज डोस्क्यात असतो. आडवं झालं तरी तो थांबत नाय. तिचं गाणं सुरू झालं की मंग कुठं डोळा लागतो. जवा ऐकू येत नाय तवा जागाच ऱ्हातो."

"मग एकदा येऊन सांगायचं ना, काका!"

"कसं सांगू? एकटा माणूस म्या. तुम्ही दोघी पोरी घरात. दारात येऊन म्हनू, बाई, तुमच्या पोरीला मोठ्यानं गायला सांगा? बरं दिसतं का ते?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "अन् शिरा यायचा की. ठोकलं, की सांजच्याला शिरा. मला वाटलं, दाद पोचली."

मी त्यांना तसंच, टॉवेलासकट, आमच्या दारात आणून उभं केलं. मनू हार्ड डिस्क हातात घेऊन उंबऱ्याशी आली. मी म्हटलं, "काका, मला सांगितलं ते हिला सांगा."

काकांनी सांगितलं, मान खाली घालून, चूक कबूल केल्यासारखं. आई मागं उभी राहून ऐकत होती. सगळ्यात आधी तीच बोलली. "म्हणजे माझा इतका शिरा..." आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती, मला अजून नक्की सांगता येणार नाही.

मनू उंबरा ओलांडून पुढं आली. मग तिनं विचारलं, "तुम्ही सगळी गाणी ऐकलीत?"

"मंग! ते किल्ल्यांचं गाणं तू केलं, तवा सारी दुपार जागा होतो. दुसरं कडवं तू मागून बदाललं. पहिलंच बरं व्हतं."

मनूचे डोळे मोठे झाले. ते आधीचं दुसरं कडवं तिनं मलाही ऐकवलं नव्हतं.

मला वाटलं, आता ती तिथंच गळा मोकळा करेल आणि सगळी गल्ली बाहेर येईल. तसं काही झालं नाही. तिनं घड्याळाकडं बघितलं, हार्ड डिस्क पिशवीत टाकली आणि म्हणाली, "उशीर होईल. चला." मी म्हटलं, "ती कशाला आता?" तिनं पिशवीची चेन ओढली. आवाज कोंडायचं कारण खोटं निघालं म्हणून कोंडलेला आवाज लगेच सुटतो असं थोडंच आहे.

आईनं रिक्षा बोलावली आणि काकांना म्हणाली, "तुम्हीही चला." काका म्हणाले, "मला साडेअकराची ड्युटी हाय." आई म्हणाली, "मग डबा घेऊन चला." अठरा वर्षांत त्या दोघांचं झालेलं हे सगळ्यात मोठं बोलणं असावं.

---

सातला लॉन भरलं होतं. मला तर येईल त्याला "माझी बहीण" म्हणून सांगावंसं वाटत होतं. आई, काका आणि मी पहिल्या रांगेत, स्टेजपासून दोन हातांवर. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मांडीवर स्टीलचा डबा होता.

आकाशनं पायऱ्यांपाशी मनूला गाठलं. "आणलं रेकॉर्डिंग?"

"आणलंय. साकिबकडं दिलंय. पण पहिलं गाणं मी गाणार. नाही जमलं तर लावा."

"पहिल्या कडव्यापर्यंत बघतो," तो म्हणाला. "त्यापुढं नाही थांबणार, ताई."

तिचं नाव पुकारलं. 'हळू!' मागून पोरांनी आरोळी दिली, कॉलेजच्या मुली उभ्या राहिल्या, मोबाइल वर झाले. ही सगळी माणसं तिला ओळखत होती! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मनूनं गिटार घेतली आणि सुरुवात केली.

एका कुलपाला दोन किल्ल्या.

पहिल्या तीन रांगांना ऐकू आलं. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" मग दुसरं, "ओ, आवाज वाढवा!" साकिबनं वाढवला, स्पीकर कुरकुरायला लागला, त्यानं घाबरून कमी केला. तिसऱ्या ओळीला मागची मंडळी आपापसात बोलायला लागली होती. आकाशनं साकिबकडं बोटानं खूण केली. साकिबचा हात लॅपटॉपवर गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी काय करणार होते? मी मान खाली घातली.

टक, टक.

काका उठून उभे राहिले होते. हातातला डबा त्यांनी स्टेजच्या फळीवर दोनदा आपटला होता.

आणि मनूचा आवाज अजून खाली गेला. खरंच सांगते! सवयच ती, अंगात मुरलेली. माझ्या शेजारी आईनंसुद्धा खुर्चीत अंग चोरलं. काकांनी पुन्हा डबा वाजवला. टक, टक. मनू गाता गाता थांबली. तिनं डोळे उघडून खाली बघितलं. काकांनी उपडा हात उताणा केला आणि वर वर नेला. वाढव.

मनू हसली. माइक तोंडासमोरच होता, त्यामुळं ते हसू पार मागच्या फाटकापर्यंत गेलं. तिच्या कुठल्याही गाण्यापेक्षा ते मोठं होतं. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलेलं मी बघितलं. मग तिनं श्वास घेतला आणि चौथी ओळ म्हटली.

*झोप तेवढी माझी!*

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. भरीव, जरासा घोगरा, वरच्या सुराला किंचित फाटणारा, आणि फाटला तरी न थांबणारा. साकिबनं दोन्ही हातांनी बटणं खाली ओढली आणि ओरडला, "अरे बाप रे!" मागच्या लोकांनी बोलणं थांबवलं. मनूनं पहिलं कडवं पुन्हा घेतलं, अजून वर. मग दुसरं घेतलं, आणि ते बदललेलं नव्हतं, काकांच्या आवडीचं, आधीचंच होतं, जे मी आज प्रथमच ऐकत होते. काकांनी मान डोलावली. मी रडत होते, हसत होते, आईचा हात दाबत होते, आणि शेजारच्या अनोळखी मुलीला सांगत होते, "माझी बहीण, माझी बहीण." या मुलीला मात्र आनंद कसा करावा ते कळत होतं. तिनं मला मिठीच मारली.

वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. शेवटचं गाणं संपलं तेव्हा सगळं लॉन उभं होतं. 'वन्स मोअर! वन्स मोअर!' आकाश बाजूला उभा राहून दोन्ही हातांनी 'अजून एक, अजून एक' असं खुणावत होता. मुंबईवाले विंगेत येऊन टाळ्या वाजवत होते.

मनूला त्यातलं काही दिसत नव्हतं. घामानं चिंब होऊन ती खाली, पहिल्या रांगेत बघत होती. काकांच्या खुर्चीकडं.

काका झोपले होते. शेजारच्या दिव्यांच्या खांबाला डोकं टेकून, डबा मांडीवर धरून, माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरसमोर गाढ.

आई सवयीनं पुढं वाकली. "हळू गं, बन्सीका..." आणि तिनं जीभ चावली.

मनू वाट बघत उभी होती. तेव्हा मी उठले, स्टेजपाशी गेले, आणि फळीवर दोनदा ठोकलं.